सांगलीचा ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१: विभाजक ७२ की ९६? आणि दुसरा मूळ आहे का?

विश्रामबागकर

शाळेच्या गणित कोपऱ्यासाठी आठवी-नववीच्या मुलांचा एक मोठा तक्ता होतोय. पिनकोड ही एक पूर्ण संख्या धरायची आणि तिची सगळी कुंडली मांडायची. सांगलीचा ४१६४१६ आणि शेजारी साताऱ्याचा ४१५००१ घेतला आहे. दोन ठिकाणी गाडी अडली.

पहिली अडचण. ४१६४१६ = ४१६ × १००१. त्यात ४१६ = २⁵ × १३ आणि १००१ = ७ × ११ × १३. मुलांनी प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला: ६ × २ × २ × २ × २ = ९६ विभाजक. पण यादी करायला बसल्यावर ७२ च्या पुढे जाताच येत नाही. उरलेले २४ कुठे आहेत?

दुसरी अडचण. ४१५००१ ला १०० पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. ती मूळ संख्या म्हणून तक्त्यावर लिहावी का?

शिवाय परिपूर्ण, विपुल, हर्षद अशा वर्गांपैकी या दोघी कुठे बसतात तेही हवं आहे. कारणासकट सांगितलंत तर मुलांना स्वतः पडताळून बघता येईल.

कृष्णाकाठ

उरलेले २४ कुठेही नाहीत. यादी बरोबर आहे, सूत्र लावताना चूक झाली आहे.

विभाजकांचं सूत्र लावण्याआधी सारखे मूळ अवयव एकत्र करावेच लागतात. १३ दोनदा आला आहे, एकदा ४१६ मधून आणि एकदा १००१ मधून. म्हणून खरी मांडणी ही:

४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३²

विभाजक = (५+१)(१+१)(१+१)(२+१) = ७२.

मुलांनी दोन १३ वेगवेगळे धरले. मग १३ च्या बाबतीत चार पर्याय होतात: एकही नाही, पहिला, दुसरा, दोन्ही. प्रत्यक्षात पहिला घ्या की दुसरा, संख्या तीच येते, म्हणजे पर्याय तीनच. बाकीच्या २⁵ × ७ × ११ = २४६४ चे विभाजक ६ × २ × २ = २४. त्या प्रत्येकाला एकदा १३ ने गुणून आलेली संख्या ९६ च्या हिशेबात दोनदा मोजली गेली. ९६ − ७२ = २४, हिशेब जुळला.

हाच घोळ बेरजेच्या सूत्रातही होतो, म्हणून तीही देतो. विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज घ्यायची:

२ साठी १+२+४+८+१६+३२ = ६३
७ साठी ८
११ साठी १२
१३² साठी १+१३+१६९ = १८३

६३ × ८ × १२ × १८३ = ११,०६,७८४. इथे १८३ ऐवजी १४ × १४ = १९६ घेतलं की ११,८५,४०८ येतात आणि चूक पटकन लक्षात येत नाही, कारण आकडा तेवढाच भारदस्त दिसतो.

१ ते ४१६४१६ मध्ये हिच्याशी सहमूळ असणाऱ्या (१ सोडून सामाईक विभाजक नसणाऱ्या) संख्या १६ × ६ × १० × १५६ = १,४९,७६०. इथे १५६ म्हणजे १३ × १२. बरीच मुलं १२ × १२ करतात, तेव्हा तक्त्यावर हे वेगळं दाखवा.

यवतेश्वर

४१५००१ मूळ नाही. कृपया तसं लिहू नका.

एखादी संख्या मूळ आहे असं म्हणायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. ४१५००१ चं वर्गमूळ सुमारे ६४४.२०६. तिथपर्यंत ११७ मूळ संख्या आहेत. तुम्ही १०० पर्यंतच्या २५ च तपासल्या. हिचा सगळ्यांत लहान मूळ अवयव क्रमाने ११२ वा आहे, त्यामुळे भागाकार करत बसलात तर जवळजवळ शेवटापर्यंत काहीच हाती लागत नाही. त्यातूनच 'मूळ असणार' असं वाटू लागतं.

पण हिच्यासाठी एक ओळीचा रस्ता आहे. फर्माने साधारण १६४३ मध्ये एका पत्रात मांडलेली रीत: संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायची.

वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या: ६४५.
६४५² = ४,१६,०२५.
४,१६,०२५ − ४,१५,००१ = १०२४.
१०२४ = ३२².

म्हणून ४१५००१ = ६४५² − ३२² = (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७.

६१३ आणि ६७७ दोन्ही मूळ आहेत. दोघांसाठी २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासलं की झालं, कारण २९² = ८४१. म्हणजे ४१५००१ ही नेमक्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराची संख्या. विभाजक चारच: १, ६१३, ६७७, ४१५००१. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज १२९१, म्हणजे ही अतिशय 'न्यून' संख्या.

बाकी १०२४ आली की लगेच ३२ सुचतो. पण दुसरी एखादी बाकी आली तर वर्गमूळ काढण्याआधी एककाचा अंक बघा. २, ३, ७ किंवा ८ असेल तर तो वर्ग नाही, पुढच्या पायरीवर जा. कागदावर काम करताना याने बरेच कष्ट वाचतात.

आयर्विन पूल

यवतेश्वर, हीच रीत सांगलीच्या पिनला लावून बघा. वर्गमूळ सुमारे ६४५.३०३, वरची पूर्ण संख्या ६४६.

६४६² = ४,१७,३१६. त्यातून ४,१६,४१६ गेले, उरले ९०० = ३०².

४१६४१६ = ६४६² − ३०² = ६१६ × ६७६.

दोन्ही पिन पहिल्याच पायरीत फुटले! एकाचे अवयव ६१३ आणि ६७७, दुसऱ्याचे ६१६ आणि ६७६. तक्त्यावर हे दोन शेजारी शेजारी मांडाच.

मात्र मुलांना एक स्पष्ट सांगायला हवं. ही रीत दोन अवयव देते, मूळ अवयव देईलच असं नाही. साताऱ्याच्या बाबतीत ते मूळ निघाले. सांगलीच्या बाबतीत अजून फोड बाकी राहते: ६१६ = २³ × ७ × ११ आणि ६७६ = २६² = २² × १३². एकत्र केलं की कृष्णाकाठ यांनी दिलेलीच मांडणी मिळते.

हळदपेठ

स्प्रेडशीटमध्ये ही रीत बसवली. पहिल्या रकान्यात वर्गमुळाच्या वरची संख्या आणि पुढे एकेक वाढवत, दुसऱ्यात तिचा वर्ग वजा पिनकोडची संख्या, तिसऱ्यात ती बाकी पूर्ण वर्ग आहे का ते. सातारा, सांगली पहिल्याच ओळीत. मिरजेचा ४१६४१० घातला तर हजारो ओळी खाली ओढल्या तरी काही येत नाही. सूत्रात चूक आहे का?

यवतेश्वर

सूत्र बरोबर आहे. ४१६४१० साठी उत्तर अस्तित्वातच नाही.

दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे (अ − ब)(अ + ब). या दोन कंसांत २ब चा फरक, म्हणून दोन्ही एकतर सम असतात नाहीतर विषम. दोन्ही सम असतील तर गुणाकाराला ४ ने भाग जातो, दोन्ही विषम असतील तर गुणाकार विषम. ४१६४१० ला २ ने भाग जातो पण ४ ने जात नाही (शेवटचे दोन अंक १०, बाकी २). अशी संख्या दोन वर्गांची वजाबाकी कधीच होत नाही. ओळी कितीही ओढा.

बरं, २ काढून टाकला तरी सुटका नाही. उरतात २०८२०५ = ५ × ४१६४१, आणि ४१६४१ मूळ आहे. वर्गमुळाच्या वरची संख्या ४५७, तर पाहिजे ती संख्या (५ + ४१६४१) ÷ २ = २०८२३. म्हणजे २०,३६७ ओळी. तेच साधा भागाकार केला असता तर शेवटचा ५ बघूनच काम झालं असतं.

कारण असं की ही रीत जवळजवळच्या अवयवांसाठी आहे. दोन अवयवांतला फरक फ धरला तर पाहिजे त्या संख्येचं, म्हणजे अ चं, वर्गमुळापासूनचं अंतर साधारण फ² ÷ (८ × वर्गमूळ) इतकं असतं. साताऱ्यात फरक ६४, म्हणून ४०९६ ÷ ५१५४ = सुमारे ०.७९. सांगलीत फरक ६०, म्हणून सुमारे ०.७०. हे उत्तर १ पेक्षा कमी असेल तर पहिल्याच पायरीत यश. या आकाराच्या संख्यांना अवयवांतला फरक ७१ पर्यंत असला तर पहिली पायरी पुरते. फरक वाढला की काम त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी २, ३, ५, ७, ११, १३ कसोटीने काढून टाका, मग उरलेल्या संख्येला दोन-चार पायऱ्या फर्माची रीत लावा, नाही जमलं तर परत भागाकार.

याच कारणासाठी इंटरनेटवरच्या आरएसए या सांकेतिक कुलपात (मोठ्या संख्येचे अवयव सापडणं कठीण, यावरच ते टिकतं) दोन मोठ्या मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या घेत नाहीत. २०४८ बिटांच्या किल्लीसाठी अमेरिकन मानकात त्यांच्यातला फरक २⁹²⁴ पेक्षा जास्त असावा अशी अट आहे. ४१५००१ दाखवली की नववीच्या मुलाला ही अट कशासाठी ते लगेच पटतं.

विश्रामबागकर

७२ चा उलगडा झाला, धन्यवाद. हळदपेठ यांची स्प्रेडशीट मुलांकडूनच करून घेतो.

७, ११, १३ या तिन्हींची एकच कसोटी आहे असं ऐकलं आहे. ४१६४१६ ला ती लावताना उत्तर ४०४ येतंय आणि त्याला तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही. असं का?

कृष्णाकाठ

तुम्ही स्वल्पविराम आपल्या पद्धतीने दिलेत आणि त्याच गटांवर कसोटी लावलीत: ४ | १६ | ४१६, म्हणून ४१६ − १६ + ४ = ४०४. लाख-हजारांचे स्वल्पविराम इथे चालत नाहीत. ही कसोटी १००१ वर उभी आहे आणि १००१ म्हणजे १० चा तिसरा घात अधिक एक, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचेच गट हवेत: ४१६ | ४१६. वजाबाकी शून्य, तिन्हींनी भाग जातो.

४१५ | ००१ ची वजाबाकी ४१४ = २ × ३² × २३. त्यात ७, ११, १३ यांपैकी एकही नाही, म्हणून एकाच वजाबाकीत तिघांचाही निकाल लागला. मिरजेला ४१६ − ४१० = ६, तिथेही नाही.

पाकिटावर ४१६ ४१६ असं मध्ये जागा सोडून लिहिलं की आकृती डोळ्यांना दिसते. ४,१६,४१६ लिहिलं की ती लपते.

देवळालीचा विद्यार्थी

वर्गवारीचं मी घेतो.

हर्षद: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलेलं, ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले, देवळालीला शिक्षक होते (१९०५–१९८६). ४+१+६+४+१+६ = २२ आणि ४१६४१६ ÷ २२ = १८,९२८. बसली! आणि ती योगायोगाने बसलेली नाही. पहिल्या तीन अंकांची बेरीज ११ असून तेच तीन अंक पुन्हा आले तर १००१ मुळे ११ ने भाग जातोच. शेवटचा अंक सम असला की २२ ने जातो. मुलांना अशा आणखी शोधायला सांगा, उदाहरणार्थ ३२६३२६ ÷ २२ = १४,८३३.

साताऱ्याच्या अंकांची बेरीज ११, पण तिच्या अवयवांत ६१३ आणि ६७७ च आहेत. हर्षद नाही.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना, देवळाली संख्या: जी कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती. या दोन्ही तशा नाहीत. ४१६३८७ + २९ = ४१६४१६ आणि ४१४९७३ + २८ = ४१५००१. हे शोधताना सगळ्या संख्या तपासू नका. ९ ने भागल्यावरची बाकी बघितली की सांगलीसाठी मिळवायची बेरीज २, ११, २०, २९, ३८ किंवा ४७ यांपैकीच असू शकते. सहा तपासण्यांत काम झालं.

विपुल: स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज ११,०६,७८४ − ४,१६,४१६ = ६,९०,३६८. ती संख्येपेक्षा मोठी, म्हणून विपुल. परिपूर्ण (बेरीज नेमकी संख्येइतकी) नाही. पण २८ ही परिपूर्ण संख्या हिला नि:शेष भाग देते, त्यामुळे निवडक विभाजकांची बेरीज नेमकी संख्येइतकी करता येते. २८ = १४ + ७ + ४ + २ + १ ला १४,८७२ ने गुणा:

२,०८,२०८ + १,०४,१०४ + ५९,४८८ + २९,७४४ + १४,८७२ = ४,१६,४१६.

आता मला सगळ्यांत आवडणारा गुण. हिला प्रॅक्टिकल नंबर म्हणतात. ए. के. श्रीनिवासन यांनी १९४८ मध्ये हे नाव दिलं. अर्थ असा की १ पासून स्वतःपर्यंतची प्रत्येक संख्या हिच्या वेगवेगळ्या विभाजकांच्या बेरजेने बनवता येते. कसोटी सोपी आहे. मूळ अवयव लहानापासून घ्या, पहिला २ हवा. पुढचा प्रत्येक मूळ अवयव आधीच्या भागाच्या विभाजकांच्या बेरजेपेक्षा फार तर एकाने मोठा असावा. ३२ च्या विभाजकांची बेरीज ६३, पुढचा ७ त्यात बसतो. २२४ ची ५०४, तिथे ११ बसतो. २४६४ ची ६०४८, तिथे १३ बसतो. संपलं.

मग सांगलीच्या विभाजकांतून सातारा बनवता येणारच:

२,०८,२०८ + १,०४,१०४ + ५९,४८८ + ३७,८५६ + ४,७३२ + ५७२ + २८ + १३ = ४,१५,००१.

प्रत्येक पद ४१६४१६ चा विभाजक आहे, एकही दोनदा आलेलं नाही. तक्त्याच्या मध्यभागी हे लावा.

आयर्विन पूल

वर्गांच्या बेरजेत मात्र बाजी साताऱ्याची. ६१३ आणि ६७७ दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून दोन्ही दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येतात: ६१३ = १८² + १७² आणि ६७७ = २६² + १². ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र लावलं की गुणाकाराचे दोन प्रकार मिळतात.

१८ × २६ + १७ × १ = ४८५ आणि १७ × २६ − १८ × १ = ४२४, म्हणून ४८५² + ४२४² = ४१५००१.
१८ × २६ − १७ × १ = ४५१ आणि १७ × २६ + १८ × १ = ४६०, म्हणून ४५१² + ४६०² = ४१५००१.

सांगलीच्या संख्येत ७ आणि ११ आहेत. दोघांची ४ ने भागल्यावर बाकी ३ आणि दोघेही एकेकदाच आलेत. असा एकही अवयव विषम वेळा आला की संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. शोधत बसू नका. वजाबाकी म्हणून मात्र ती २४ प्रकारे लिहिता येते: दोन्ही अवयव सम हवेत, म्हणून चौथाई १,०४,१०४ घ्या, तिचे विभाजक ४८, जोड्या २४.

हळदपेठ

तक्त्यावर '४१५ म्हणजे सातारा जिल्हा' असं लिहिणार असाल तर थांबा. पहिले तीन अंक टपाल छाटणीचा विभाग दाखवतात, महसुली जिल्हा नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा पिन ४१५३११ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिच्यात पहिला ४ महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडलाही आहे.

मुलांना सोडवायला कराडचा ४१५११० द्या. पाच वेगवेगळे मूळ अवयव आहेत, एकही दोनदा नाही, म्हणून विभाजकांचं सूत्र तिथे न चुकता लागतं: २⁵ = ३२.

विश्रामबागकर

कराडचा आत्ताच केला. ४१५११० = १० × ४१५११, अंकांची बेरीज १२ म्हणून ३ ने भाग, उरले १३८३७. त्याचं वर्गमूळ ११७.६, फर्माच्या रीतीने ११८² = १३९२४, बाकी ८७, वर्ग नाही. ११९² = १४१६१, बाकी ३२४ = १८². म्हणून १०१ × १३७, दुसऱ्या पायरीत.

२ × ३ × ५ × १०१ × १३७. तक्त्यावर तिसरा रकाना कराडचा.